बालाघाटाच्या खडकावरील शैलोद्यान : मांसल व अवर्षणसह वनस्पतींची निवड

शैलोद्यान म्हटले की आपल्याकडील बहुतेकांच्या मनात चंदीगडचे नाव येते. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेली व १९७६ साली लोकांस खुली झालेली ती मूर्तिसृष्टी अपूर्व आहे खरी, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शैलोद्यान ही निराळी गोष्ट होय. खडकाच्या फटीत, उतारावर, अल्प मातीत जगणाऱ्या वनस्पतींस त्यांच्या मूळ स्थानासारखे स्थान करून देणे हा तिचा हेतू. या कलेची शास्त्रशुद्ध वाढ झाली ती युरोपात. रेजिनाल्ड फॅररचा १९०७ चा ग्रंथ त्या परंपरेत अजूनही मानाने वाचला जातो. मात्र त्या परंपरेतील वनस्पती आल्प्स पर्वतावरील. बर्फाखाली निजणाऱ्या व थंड, ओलसर मुळांची अपेक्षा करणाऱ्या या वनस्पतींसाठी केलेले नियम बीड जिल्ह्यात जसेच्या तसे लावले, तर त्यांतील निम्मे निरुपयोगी व काही चक्क घातक ठरतात. ते कोणते व का, आणि त्यांच्या जागी कोणता निकष धरावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय वरवर हौसेचा वाटेल, पण तो तसा नाही. मे महिन्यात हिरवळीच्या दर चौरस मीटरला रोज किमान पाच लिटर पाणी लागते असे धरले, तरी एखाद्या कचेरीपुढील शंभर चौरस मीटर हिरवळ दिवसाला पाचशे लिटर पाणी पिते. ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये टँकरच्या रांगा पाहिल्या, तेथे हा हिशेब डोळ्याआड करता येत नाही. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यामुळेच एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. अशा प्रदेशात महाविद्यालये, देवस्थाने व शासकीय वसाहती यांच्या आवारांत काय लावावे, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाने माळ्यावर सोडून देण्यासारखा खास नाही.

या प्रश्नास रोपवाटिकांतून मिळणारे ठराविक उत्तर असे : पाणी कमी, म्हणून मांसल वनस्पती लावा. मग पुण्याहून अगर अन्य ठिकाणाहून कुंड्या येतात, हिवाळ्यात त्या देखण्या दिसतात, आणि श्रावण सरेपर्यंत त्यांतील बहुसंख्य वनस्पती बुंध्याशी कुजून आडव्या होतात. आमच्या मते येथे निदानच चुकते. बीडच्या शैलोद्यानात मांसल वनस्पतींस मारणारा शत्रू अवर्षण हा नसून वर्षण हा आहे.

जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे साडेसहाशे मिलिमीटर. पश्चिमेकडे आष्टी, पाटोदा या बाजूस ते आणखी घटते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश शेतकऱ्याच्या दृष्टीने निःसंशय अवर्षणप्रवण आहे. परंतु एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे लक्षात घेता दहा चौरस मीटरच्या एका शैलखंडावर सरासरी वर्षात साडेसहा हजार लिटर पाणी पडते, आणि त्यातील बहुतेक सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते. मेक्सिकोच्या वाळवंटातील एखाद्या निवडुंगास वर्षाकाठी इतके पाणी मिळत नाही. त्यात भर म्हणजे खाली काळी माती. ही माती भिजली की फुगते, तिच्यातील हवा निघून जाते आणि आठ-आठ दिवस ती ओल सोडत नाही. उन्हाळ्यात तीच माती आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते व वर रचलेल्या शिळा हलविते. म्हणजे वर्षाचे आठ महिने वाळवंट व चार महिने दलदल, असे हे स्थान. यास्तव “कोरड्या हवामानाची वनस्पती” एवढे म्हणून भागत नाही. ती वनस्पती वर्षातील कोणत्या ऋतूत वाढते आणि कोणत्या ऋतूत विश्रांती घेते, हा खरा निकष होय.

हे नीट समजण्यासाठी मांसल वनस्पतींच्या शरीरव्यापाराकडे क्षणभर वळले पाहिजे. त्याचा एक महत्त्वाचा धागा हिंदुस्थानातच सापडला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस क्वचितच सांगितली जाते. मद्रास इलाख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या बेंजामिन हाइन याने पानफुटीचे पान दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चावून पाहिले. सकाळी ते आंबट लागे, दुपारी बेचव, आणि सायंकाळी किंचित कडवट. १८१३ साली त्याने पत्राने कळविलेले हे निरीक्षण लंडनच्या लिनीयन सोसायटीने १८१५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे उलगडा झाला तो असा : या वनस्पती पर्णरंध्रे रात्री उघडतात, रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मॅलिक अम्लाच्या रूपाने साठवितात, आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यावर प्रकाशसंश्लेषण करतात. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळविण्यासाठी सामान्य झाड चारशे ते पाचशे ग्रॅम पाणी बाष्परूपाने गमावते, ज्वारी-मक्यासारखे तृण अडीचशे ते तीनशे, तर या वनस्पती पन्नास ते शंभर. आपल्याकडे दारावर उलटी टांगलेली कोरफड मुळे वर असूनही महिनोन् महिने हिरवी राहते, तिचेही एक कारण हेच.

पण या काटकसरीची एक अट आहे, आणि ती म्हणजे रात्र थंड हवी. रात्र उष्ण असली तर श्वसन वाढते, अम्लाचा साठा अपुरा राहतो व वनस्पती आतून खंगत जाते. मेक्सिकोच्या उंच, थंड रात्रींच्या डोंगरांतील एचेव्हेरिया आपल्या मे महिन्यात का निस्तेज होतात, आणि त्याच स्थितीत पहिला जोराचा पाऊस अंगावर आला की का सडतात, याचे उत्तर मोठ्या अंशी येथे आहे. बालाघाटाच्या माथ्यावर गंगथडीपेक्षा रात्री काहीशा सुसह्य असतात. पाटोद्यास जे जगेल ते माजलगावास जगेलच असे म्हणता येणार नाही.

आता निवडीकडे वळू. प्रथम मान घरच्यांस. माकडशिंग ही चौकोनी, करड्या-हिरव्या कांड्यांची लहानशी वनस्पती दख्खनच्या खडकाळ माळांवर काटेरी झुडपांच्या आडोशास वाढते. दुष्काळात तिच्या कांड्या भाजी म्हणून खाल्ल्या गेल्या आहेत. तिला पावसाचा त्रास नाही, कारण पाऊस हीच तिची वाढीची वेळ. मात्र पाणी खालून झपाट्याने निघून गेले पाहिजे. तिच्याच रुई कुलातील कंदीलपुष्पे उन्हाळाभर कंदाच्या रूपाने भूमीत निजतात आणि पावसाबरोबर वेल वर काढतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव व त्यांचे सहकारी यांनी या प्रजातीचे जे संवर्धन केले, ते या विषयात काम करणाऱ्याने अवश्य पाहावे. याच कुलातील शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ही तर महाराष्ट्राचीच मिरास. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावावरून डॅल्झेलने तिचे नामकरण केले. शिवनेरी, पुरंदर अशा किल्ल्यांच्या बसाल्टी कड्यांवर ती लोंबते. पावसाळ्यात तिला खरीखुरी पाने येतात व उन्हाळ्यात ती गळून केवळ मांसल खोड उरते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या पानांत सर्वसामान्य वनस्पतींसारखा दिवसाचा व्यवहार व खोडात वर सांगितलेला रात्रीचा व्यवहार चालतो असे आढळले. एकाच देहात दोन ऋतूंसाठी दोन व्यवस्था! आपल्या हवामानास योग्य अशी मांसल वनस्पती कशी असावी, याचा याहून बोलका नमुना मिळणे कठीण. ती बीडच्या डोंगरांतील नव्हे. परंतु छाटापासून सहज येते, आणि उभ्या खडकाच्या पूर्वेकडील फटीत तिला जागा द्यावी.

याच रांगेत शेतात तणासारखी उगवणारी घोळही बसते, हे ऐकून कोणी हसेल. पण घोळ ही ज्वारीच्या पद्धतीने चालणारी वनस्पती पाणी तुटताच रात्रीच्या अम्लपद्धतीचाही आश्रय घेते, आणि असा दुहेरी व्यवहार वनस्पतिसृष्टीत फार विरळ आहे. शैलोद्यानात तिची मुद्दाम लागवड करण्याचे कारण नाही. आपोआप आली तर उपटण्याची घाई करू नये, इतकेच.

मांसल नसलेल्या, पण अवर्षणास पुरून उरणाऱ्या झुडपांत तरवडास पहिले स्थान द्यावे लागेल. पिवळ्या फुलांनी भरलेला तरवड मराठवाड्याच्या माळाची ओळखच आहे. त्याचा आणखी एक गुण असा की शेळ्या त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. ज्यांनी या जिल्ह्यात कुंपणाशिवाय एकदा तरी झाडे लावली आहेत, त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको. सीताफळाचेही तसेच. हे झाड मूळचे अमेरिकेतील, पण बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर ते असे रुळले की धारूर परिसराची सीताफळे जिल्ह्याचे भूषण ठरली. ऐन उन्हाळ्यापूर्वी पाने टाकून देणे आणि पावसाच्या चाहुलीबरोबर फुटणे हा त्याचा ऋतुक्रम पाहिला म्हणजे ते येथे का टिकले हे कळते. पर्णहीन हिरव्या फांद्यांची व तांबड्या फुलांची नेपती, काटेरी हेकळ, बोराटी, करवंद ही झुडपे शिळांच्या पाठीमागे लावावीत. आवार मोठे असेल तर एखादी सालई किंवा पांढऱ्या सालीचा कांडोळ. जमिनीलगत पवन्या, मारवेल या गवतांचे ठोंब सोडले म्हणजे मुरूम धुपत नाही. कुसळी गवत मात्र टाळावे. दिसावयास सुंदर, पण त्याची कुसळे धोतरास व मोज्यांस सारखीच लागतात.

परदेशी मांसल वनस्पतींत ज्यांच्या मायदेशी पाऊस उन्हाळ्यात पडतो त्या निवडाव्यात. याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या देवळादेवळांत उभे आहे, ते म्हणजे चाफा. मध्य अमेरिकेकडून आलेले हे झाड वस्तुतः मांसल खोडाचेच आहे. ते हिवाळ्यात पाने टाकते, चिकाने भरलेल्या जाड फांद्यांवर उन्हाळा काढते आणि छाटलेली फांदी महिनाभर सावलीत पडून राहिली तरी रुजते. पण त्याला ‘सक्युलंट’ असे कोणी म्हणत नाही आणि म्हणून रोपवाटिकेत त्याला तो भाव नाही. पूर्व आफ्रिका व अरबस्तानातील अडेनियम, मादागास्करमधील युफोर्बिया मिली, मेक्सिकोतील घायपाताच्या जाती व सोनेरी काट्यांचा गोल इचिनोकॅक्टस ग्रुसोनी, ही मंडळी याच वर्गातील. शेवटचा मात्र पावसाळ्यात फार ओलावा सोसत नाही. त्याला शैलखंडाचा सर्वांत उंच माथाच द्यावा.

याउलट ज्यांच्या देशी पाऊस हिवाळ्यात पडतो त्या वनस्पती आपल्या पावसाळ्यात झोपेत असतात आणि झोपेत भिजतात. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागातील ‘सजीव दगड’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या लिथॉप्सच्या अनेक जाती व त्यांची भावंडे, आणि कॅनरी बेटांतील एओनियम या सर्वांस उघड्या शैलोद्यानात स्थान नाही. काचेच्या छपराखाली, कुंडीत, पाण्यावर हुकमत ठेवून त्या जगविता येतात. पण ते शैलोद्यान नव्हे.

येथे निवडुंग या शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठीत आपण दोन अगदी भिन्न कुलांस हे एकच नाव देतो. तिधारी निवडुंग आणि त्याचा भाऊबंद शेर हे एरंड कुलातील. फड्या निवडुंग हा अमेरिकेतील कॅक्टस कुलातील. सारख्या परिस्थितीत दोन निराळ्या वंशांनी सारखे रूप धारण केले, एवढेच त्यांचे नाते. ओळखण्याची खूण सोपी : खोडास टोचले असता पांढरा चीक आला तर बहुधा एरंड कुल, आणि काटे लवदार गादीसारख्या ठिपक्यांतून झुबक्याने निघत असतील तर कॅक्टस. तो चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुलांच्या शाळेत शेर लावू नये, आणि छाटणी करणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा चढविल्याखेरीज कोयत्यास हात घालू नये.

फड्या निवडुंगाची कथा तर निवड करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील कीटक पोसता यावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचे लोक खटपट करीत होते. १७९५ साली ब्राझीलहून आणलेला कीटक खऱ्या कोचिनीलचा नसून त्याच्या एका जातभाईचा निघाला. रंगाचा व्यापार फसला, पण त्या कीटकाने ओपन्शियाची एक जात मात्र फस्त केली. ज्या जातींस तो शिवला नाही त्या दक्षिणेत व दख्खनवर शेते, गावठाणे, ओढे व्यापत राहिल्या. अखेर १९२६ मध्ये सिंहलद्वीपाहून दुसरी जात आणण्यात आली आणि काही वर्षांतच निवडुंगाची रानेच्या राने बसली. जैविक नियंत्रणाच्या इतिहासातील हा एक नामांकित विजय होय. आज कोणी हौसेने ओपन्शिया लावला आणि त्यावर पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसले, तर ते बोटाने चिरडून पाहावेत. बोट रक्तासारखे लाल झाले की समजावे, तोच जुना पाहुणा हजर आहे. वेडी बाभूळ आज ओढ्यांच्या काठी जे करीत आहे, तेही काटकपणाचेच दुसरे अंग होय. यास्तव निवडीच्या वेळी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे तो हा, की ही वनस्पती आवाराबाहेर गेली तर काय करील? जिच्या पानाच्या कडेवर रोपे येतात अशी पानफुटी आणि दांड्यावर कंदिका टाकणारा घायपात यांस डोंगराच्या पायथ्याशी लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. शहराच्या मध्यभागी तितकी चिंता नाही.

दगडांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर हा जिल्हा वसला आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र असून तो झिजून मुरूम होतो. खालचा भाग घट्ट काळा. बांधणीस घट्ट दगड घ्यावा, पण भरावास मुरूमच घ्यावा, आणि तोही चाळून, बारीक भुकटी काढून टाकून. पाऊण भाग मुरूम व विटांचे तुकडे आणि पाव भाग माती व कुजलेले खत, हे प्रमाण पुरे. नदीच्या वाळूचा आग्रह धरू नये. गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रांनी पुष्कळ सोसले आहे. काळ्या मातीवर थेट शिळा न रचता ती दीड-दोन फूट काढून खाली फुटके दगड भरावेत आणि उंचवटा भूपृष्ठापासून तीन फूट तरी वर आणावा. मुरमात चुनखडीचे खडे फार असतील तर काही झाडांची पाने पिवळी पडतात; तेवढ्यासाठी मुरमाची खाण बदलावी. रोपाच्या मानेभोवती दोन बोटे जाडीची खडी पसरावी, म्हणजे बुंधा कोरडा राहतो.

युरोपीय ग्रंथ सांगतात की शिळा आतल्या बाजूस कलत्या ठेवाव्यात, म्हणजे पाणी मुळांकडे वळते. आपल्याकडे झुडपांच्या कप्प्यांपुरता हा नियम खरा. मांसल वनस्पतींच्या कप्प्यांत शिळा बाहेर कलत्या ठेवाव्यात. तसेच “उत्तर बाजू थंड” हा दुसरा नियम. बीडचा अक्षांश सुमारे १९ अंश असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर उतार सावली देतो हे खरे, पण ऐन मे अखेरीस तो भाजून निघतो. काळा दगड दिवसभर तापून सायंकाळी उष्णता परत टाकतो, म्हणून पश्चिमेकडील बाजू सर्वांत कठोर व पूर्वेकडील सर्वांत सौम्य. पश्चिमेस तरवड, नेपती, तिधारी निवडुंग. पूर्वेस माकडशिंग, कंदीलपुष्पे, कोरफड. कोरफडीस भर उन्हात लावले तर ती तांबूस होऊन आक्रसते. मरत नाही, पण तिचे रूप जाते.

रोपे आणावयाची कोठून, हा प्रश्न सोपा नाही. माकडशिंग व कंदीलपुष्पे डोंगरावरून उपटून आणणे म्हणजे शैलोद्यानासाठी शैल ओसाड करणे होय. नायगावच्या मयूर अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात तर तो गुन्हाच आहे. कंद जागेवर राहू द्यावा. रीतसर परवानगी घेऊन एखादी कांडी किंवा मूठभर बी आणावे आणि विभागाच्या रोपवाटिकेत वाढवावे. देशी झाडे माळावर उभी राहू शकतात हे दाखविणारे प्रयत्न जिल्ह्यात झालेले आहेत. बीडजवळ पालवणच्या उजाड टेकडीवर ‘सह्याद्री देवराई’ने लागवड केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरले. झाडांकडे वळलेले हे लक्ष आता खडकाच्या फटीतील लहान वनस्पतींकडेही वळावयास हवे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे काम पुष्कळ आहे. डॉ. वि. ना. नाईक यांच्या १९९८ च्या मराठवाड्याच्या वनस्पतिकोशाने जातींची ओळख करून दिली. परंतु शैलोद्यानाच्या दृष्टीने हवी आहे ती ऋतुपत्रिका. जिल्ह्यातील प्रत्येक खडकनिवासी वनस्पतीस पालवी केव्हा फुटते, पाने केव्हा गळतात, मुळे केव्हा वाढतात, हे एकाच स्थानी निदान तीन वर्षे नोंदविले पाहिजे, कारण आपल्याकडे एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते. हाइनने जिभेने केले ते पहाटे व सायंकाळी पानांच्या रसाचे अनुमापन करून मेच्या उष्ण रात्रींत करून पाहावे. गंगथडीतील व बालाघाटावरील कोरफडीच्या अंकांत फरक पडतो काय, हे त्यावरून कळेल. यास खर्चिक उपकरण लागत नाही. पहाटे उठणे तेवढे लागते.

लागवडीची वेळ सर्वांस एक नव्हे. तरवड, सीताफळ, हेकळ ही पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावावीत. मांसल वनस्पती मात्र पावसाळ्याच्या तोंडी लावू नयेत. त्यांची कांडी कापून, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून, जखम कोरडी झाल्यावर ऑक्टोबरात लावावी. तेव्हा माती उबदार असते, आकाश मोकळे असते, आणि उन्हाळा येईपर्यंत मुळे धरण्यास चार महिने मिळतात. पहिल्या उन्हाळ्यात दर पंधरवड्यास सायंकाळी प्रत्येक रोपास तांब्याभर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून तेही बंद करावे.